आजचं चिंतन (गीता ५.१८) : पाटावर कोण बसणार?



आजचा श्लोक तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पाठ असेल. पाचव्या अध्यायातला अठरावा. विद्या आणि नम्रता अंगी असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने सगळ्यात खाली ढकललेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी एकाच नजरेने बघतो, असं भगवंत सांगतात. ज्ञानेश्वर माउलींनी यात स्वतःची एक भर घातली आहे, ती मूळ श्लोकात नाही. चिलट आणि हत्ती, अंत्यज आणि ब्राह्मण हे भेद उरतच नाहीत, असं सांगता सांगता माउली म्हणतात की हा माझा मुलगा आणि तो दुसरा कुणी, हेसुद्धा उरत नाही.

हत्तीकडे समदृष्टीने बघणं सोपं आहे हो. पुण्यात हत्ती भेटतो कुठे? खरी परीक्षा घरातल्या माणसापाशी होते.

रोजच्या क्रमाने हा श्लोक मागच्या आठवड्यातच यायला हवा होता. काही जणांनी विचारलंही, की दादा, सतराव्यावरून गाडी पुढे का जात नाही? खरं सांगतो, मी टाळत होतो. मध्येच एक फोन आला होता, आणि त्या फोननंतर हा श्लोक मला सरळ वाचता येईना.

फोन होता आमच्या शनिवारच्या भजनातल्या पखवाजवाल्या मित्राचा. त्याने नवीन फ्लॅट घेतलाय, म्हणजे त्याने आणि त्याच्या जोडीदाराने मिळून. जोडीदार पुरुष आहे. दोघं चार वर्षं एकत्र राहतात. वास्तुशांत करायची होती. त्याने विचारलं, "आम्ही दोघं जोडीने पूजेला बसलो तर चालेल का रे? तू रोज लिहितोस ना यावर, तूच सांग."

आधी त्याने एका गुरुजींना विचारलं होतं. ते चिडले वगैरे नाहीत. अगदी गोड बोलले. म्हणाले, तुमच्यापैकी एकाने यजमान म्हणून बसा, पत्नीच्या जागी कमरेला सुपारी लावा. दुसरे काय, फुलं-पाणी हाताशी देतील.

शहरात वाढलेल्यांना हे कदाचित माहीत नसेल, म्हणून सांगतो. गृहस्थाने करायची कर्मं जोडीने करायची असतात. बायको हयात नसेल किंवा हजर राहू शकत नसेल, तर तिच्या जागी सुपारी कमरेला खोचून यजमान एकटा बसतो. सीता जवळ नव्हती तेव्हा प्रभू रामचंद्रांनी अश्वमेधाला तिची सोन्याची मूर्ती शेजारी ठेवली, त्यातलाच हा प्रकार. रीत चांगलीच आहे. गैरहजर माणसाची जागा ती राखून ठेवते.

पण इथे माणूस गैरहजर नाही ना! तो तिथेच उभा आहे. घराच्या कर्जाचा निम्मा हप्ता तो भरतो. माझ्या मित्राच्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रात्री दवाखान्यात तोच बसायचा. आणि पाटावर त्याची जागा सुपारीला.

मी काय उत्तर दिलं असेल? "विचारून सांगतो." सरकारी कचेरीतल्यासारखं.

आता थोडं मागचं सांगतो, कारण ते न सांगता पुढचं लिहिणं खोटेपणाचं होईल.

२०१६ सालची वारी. आम्ही दोघं माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालत होतो. दिवेघाट चढताना पावसाची एक जोरदार सर येऊन गेली, आणि त्यानंतरच्या त्या ओल्या वाऱ्यात त्याने मला पहिल्यांदा सांगितलं. मला मुली आवडत नाहीत, कधीच आवडल्या नाहीत, मी खूप प्रयत्न केला. आवाज कापत होता त्याचा. आणि मी, वारीत चालणारा, गळ्यात तुळशीची माळ असलेला मी, त्याला म्हणालो, "नाम घे. मन शुद्ध झालं की सगळं आपोआप जागेवर येईल. आणि आईसाठी तरी लग्न कर."

त्याने दोन्ही केलं. नाम घेतलं, आणि पुढच्या वर्षी लग्नही केलं.

दोन वर्षांनी घटस्फोट झाला. तेव्हा त्याच्या बायकोचा मला एकदाच फोन आला. आरडाओरडा नाही, रडणं नाही. एकच वाक्य. "दादा, तुम्हाला माहीत होतं ना?" मी हो म्हटलं. तिने फोन ठेवला. तिच्या आयुष्याची दोन वर्षं गेली होती. मी दिवेघाटात जो सल्ला फुकट वाटला होता, त्याचं बिल तिने भरलं. माझ्या डोक्यात तेव्हा तो होता, त्याची आई होती, धर्म होता. ही मुलगी कुठेच नव्हती.

आणखी एक गोष्ट मला तेव्हा कळली नव्हती. दिवेघाटात तो मला सांगत होता तेव्हा तो कायद्याने गुन्हेगार ठरू शकत होता. म्हणजे तो एका मित्राला मनातलं सांगत नव्हता, जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेली गोष्ट कबूल करत होता. हा इतिहास आपल्या पिढीने एकदा नीट वाचायला हवा, म्हणून थोडक्यात सांगतो.

भारतीय दंड संहितेचं ३७७ कलम. इंग्रजांनी १८६० मध्ये केलं, १८६२ पासून लागू. निसर्गाच्या विरुद्ध म्हणून जो शरीरसंबंध कायद्याला मान्य नाही त्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. त्यांच्या स्वतःच्या देशात १५३३ साली आठव्या हेन्रीने याला फाशीची शिक्षा ठेवली होती, आणि शेवटच्या दोघांना १८३५ मध्ये फासावर दिलं गेलं. इंग्लंडने आपला कायदा १९६७ मध्ये सैल केला. आपल्याकडे मात्र तो आपलीच संस्कृती असल्यासारखा राहिला!

त्याआधी इंग्लंडमध्ये वुल्फेंडन समिती बसली होती. १९५७ च्या तिच्या अहवालातला मुद्दा साधकाने लक्षात ठेवावा असा आहे. समितीने पाप आणि गुन्हा यांत फरक केला. दोन प्रौढ माणसं आपल्या खोलीत संमतीने काय करतात ते नैतिक की अनैतिक, यावर मतं असू शकतात, पण तिथे शिक्षा घेऊन जाणं हे कायद्याचं काम नाही, असं तिचं म्हणणं. म्हणजे पोलीस त्या खोलीबाहेर गेले. पापाचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला, आणि तो तुमच्या-माझ्यासारख्या धर्म मानणाऱ्यांच्या पदरात पडला. न्यायालय तो आपल्या वतीने सोडवणार नाही.

मराठीत ही चर्चा नवी आहे असं कुणी समजू नये. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' सुरू केलं. त्यात ते वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं देत, समलिंगी आकर्षणाबद्दलच्या प्रश्नांनाही. त्यावरून १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला झाला आणि कर्व्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण नव्वद वर्षांपूर्वी मुंबईच्या कोर्टात आपल्याच दोन माणसांनी सांगितलं होतं की लोक विचारतात त्याला उत्तर द्यावं, लाजून गप्प बसू नये. पुढे १९९० मध्ये मुंबईत अशोक राव कवींनी 'बॉम्बे दोस्त' काढलं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला, पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट चालवला. आणि कोर्टाची वाट न बघता लग्न करणारेही होतेच. १९८७ साली मध्य प्रदेश पोलिसांतल्या दोन महिला शिपायांनी हिंदू रीतीने एकमेकींशी लग्न केलं. नोकरी गेली दोघींची.

२ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने संमतीच्या संबंधांपुरतं ३७७ बाजूला केलं. तो निकाल देणाऱ्या दोघांपैकी एक, न्यायमूर्ती अजित प्रकाश शाह, आपल्या सोलापूरचे. चार वर्षांनी, ११ डिसेंबर २०१३ ला, सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. त्यांच्या कारणांपैकी एक असं की असे लोक देशात फारच थोडे आहेत. (संख्या मोजून समदृष्टी ठरवायची असेल तर आजच्या श्लोकातल्या हत्तीचं कसं व्हायचं?) म्हणजे चार वर्षं जे गुन्हेगार नव्हते, ते एका सकाळी पुन्हा गुन्हेगार झाले. माझा मित्र तेव्हा तेवीस वर्षांचा होता. मग ६ सप्टेंबर २०१८. पाच न्यायमूर्ती, त्यांत खानविलकर आणि चंद्रचूड ही आपल्याकडची नावं, आणि निकाल एकमताने. प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना गुन्हा म्हणता येणार नाही. न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं की इतक्या उशिरासाठी इतिहासाने या लोकांची आणि त्यांच्या घरच्यांची माफी मागायला हवी. मला त्यातलं 'घरच्यांची' हे फार लागलं. कारण त्या निकालाच्या दिवशी माझा मित्र लग्न झालेला होता, आणि एक मुलगी त्याच्या घरी आपलं काय चुकतंय ते शोधत होती.

आता पापाचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही.

आमच्या भजनी मंडळात दोन प्रकारची माणसं आहेत. एक म्हणतात, हे सगळं पाश्चात्त्य. दुसरे म्हणतात, आपल्याकडे सगळं मोकळं होतं, इंग्रजांनी बिघडवलं. मला दोन्ही अर्धंच खरं वाटतं. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात याचा उल्लेख आहे. पुरुषाने पुरुषाशी संग केला, किंवा बाईशी बैलगाडीत, पाण्यात अथवा दिवसाढवळ्या केला, तर प्रायश्चित्त काय? अंगावरच्या कपड्यांनिशी स्नान. म्हणजे दोष आहे, पण तो दुपारच्या संगाच्या रांगेतला. मात्र त्याच ग्रंथाच्या आठव्या अध्यायात कुमारिकेशी असा संग करणाऱ्या बाईला मुंडन, बोटं छाटणं, गाढवावरून धिंड अशी शिक्षाही आहे. तेव्हा 'आमच्याकडे सगळं उदार' हे सांगताना जरा दमानं घ्यावं. दुसरीकडे बंगालीतल्या कृत्तिवासी रामायणाच्या काही प्रतींत, गंगा आणणारा भगीरथ राजा दिलीपाच्या दोन विधवा राण्यांच्या एकमेकींवरच्या प्रेमातून, शंकराच्या आशीर्वादाने जन्मतो. परंपरेत सगळंच सापडतं. ज्याला जे हवं ते तो उचलतो. म्हणून नुसती वचनं मोजून हा प्रश्न सुटत नाही असं माझं मत झालंय.

माझ्याच वयाचे काही साधक एक वेगळा मुद्दा मांडतात, आणि तो प्रामाणिक आहे. ते म्हणतात, दादा, आम्ही कुणाचा द्वेष करत नाही. पण काम हा शत्रू आहे, गीतेच्या तिसऱ्या अध्यायातच भगवंतांनी सांगितलंय. मग अशा माणसाने ब्रह्मचर्य पाळावं, भक्ती करावी. उलट ईश्वराने त्याला वैराग्याची संधीच दिली आहे.

खूप दिवस मीही असंच मानत होतो. पण मग आपण इतरांच्या लग्नात अक्षता का टाकतो? तिथे काम नसतो का? चुलतभावाच्या हळदीला आपण नाचतो, मेहुणीच्या डोहाळजेवणाला जातो. कुणाला म्हणतो का, की बाबा रे, वैराग्याची संधी होती, घालवलीस? आपला वारकरी संप्रदाय तर गृहस्थांचाच. नामदेव महाराज संसारी, एकनाथ महाराज संसारी, तुकोबा संसारी. चोखोबा आणि सोयराबाई तर पती-पत्नी दोघंही संत. या सगळ्यांनी दाखवून दिलं की प्रपंच हीच साधना होऊ शकते. माणसाचा अहंकार जंगलात गळत नाही, तो दुसऱ्या एका माणसासोबत रोज जगताना गळतो. गॅस कोणी बंद करायचा, आजारपणात कोणी जागायचं, कोणाच्या आईचं आधी ऐकायचं, इथे गळतो. हे आपण सगळ्यांना शिकवतो. आणि एकाला मात्र म्हणतो, तुझ्यासाठी ही साधना नाही, तू थेट संन्यास घे.

संन्यास कुणी कुणावर लादू शकतो का? लादलेलं ब्रह्मचर्य ही शिक्षाच असते, फक्त तिला भगवं नेसवलेलं असतं.

इथे मला आळंदीची गोष्ट आठवते. आपण ती लहानपणापासून ऐकतो, पण या प्रश्नाच्या बाजूने मी तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. माउलींचे वडील विठ्ठलपंत. लग्न झालेलं, पण मन संसारात नाही. ते काशीला गेले आणि आपल्याला बायको आहे हे गुरूंपासून लपवून संन्यास घेतला. इकडे रुक्मिणीबाई आळंदीत सुवर्णपिंपळाला प्रदक्षिणा घालत राहिल्या. पुढे गुरूंना कळलं. त्यांनी काय केलं? संन्यास मोठा आश्रम आहे, आता घेतलाच आहेस तर राहू दे, असं म्हणाले नाहीत. परत पाठवलं. एका बाईला फसवून घेतलेला आश्रम, कितीही वरचा असला तरी खोटा.

मी मित्राला याच्या बरोबर उलट सांगितलं होतं. मी त्याला गृहस्थाश्रम घ्यायला लावला, लपवून. इथेही एक बाई फसली. विठ्ठलपंतांच्या गुरूंना जे कळलं ते मला कळलं नाही.

आणि गोष्ट तिथे संपत नाही. विठ्ठलपंत परत आले, संसार केला, चार मुलं झाली. तेव्हा धर्म जाणणाऱ्यांनी ठरवलं की हे लग्नच नाही. संन्याशाला कसली बायको? वाळीत टाकलं. मुलांच्या मुंजी होईनात. आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, त्यांनी ते घेतलंही. चार पोरकी लेकरं शुद्धिपत्रासाठी पैठणला चालत गेली. मंडळी, ज्यांना आपण माउली म्हणतो, ज्यांच्या पादुका आपण खांद्यावर घेऊन नाचतो, ते शास्त्रीमंडळींनी न मानलेल्या संसारातलं लेकरू होते. हा माझा मुलगा आणि तो दुसरा कुणी, हाही भेद उरत नाही, हे ज्यांनी त्या श्लोकात स्वतःहून घातलं, त्यांनी स्वतः ते भोगलेलं होतं.

मला कुणी म्हणेल की तुलना ओढूनताणून आहे, तिथे स्त्री-पुरुष होते. मान्य, दोन्ही एकच नाही. मी एवढंच बघतोय की 'हे लग्नच नाही' असं म्हणणारे तेव्हाही वाईट लोक नव्हते. त्यांच्याजवळ ग्रंथ होते, आधार होते, आणि समोर चार मुलं उभी होती ती त्यांना दिसत नव्हती.

लग्न म्हणजे संतती, हाही एक आधार सांगतात. बरोबर आहे, शास्त्रात प्रजा हे विवाहाचं एक प्रयोजन आहे. पण ज्यांना मूल झालं नाही त्यांचं लग्न आपण मोडीत काढत नाही. पासष्टाव्या वर्षी सोबतीसाठी लग्न करणाऱ्या आजी-आजोबांचं तर हल्ली कौतुक करतो. आणि सप्तपदी बघा. अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू अशी एकेक पावलं होत जातात, आणि सातवं पाऊल कशाचं? सख्याचं. मैत्रीचं. संतती सातातलं एक पाऊल आहे, शेवटचं नाही.

जगात याची सुरुवात ज्या जोडप्यापासून झाली त्यांची गोष्ट मला आवडते. डेन्मार्कमध्ये १ ऑक्टोबर १९८९ ला समलिंगी जोडप्यांच्या सहजीवनाची सरकारी नोंदणी सुरू झाली, जगात पहिल्यांदा. पहिल्या दिवशी कोपनहेगनला नोंदणी करणाऱ्यांत आक्सेल आणि आयगिल हे दोन म्हातारे होते. चाळीस वर्षं एकत्र राहिलेले. त्यांनी दोघांच्या पहिल्या नावांची अक्षरं जोडून कधीच एक आडनाव करून टाकलं होतं, आक्सगिल. ते तुरुंगातही जाऊन आले. सरकारने मानलं तोवर दोघं म्हातारे झाले होते. पुढे १ एप्रिल २००१ ला नेदरलँड्सने थेट लग्नच मान्य केलं. मग यादी वाढत गेली. अमेरिका २०१५, तैवान २०१९, नेपाळमध्ये पहिली नोंदणी नोव्हेंबर २०२३ मध्ये, थायलंड जानेवारी २०२५.

आपल्याकडे १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की लग्न हा मूलभूत हक्क नाही. यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत. सहजीवनाला तरी कायदेशीर मान्यता द्यावी का, यावर तीन विरुद्ध दोन, आणि तेही नाही म्हणून. हे ठरवणं संसदेचं काम, असं बहुमताचं म्हणणं. निकालावर माझा राग नाही. कोणी काय ठरवायचं याची रीत असते, आणि ती पाळण्यातही शहाणपण असतं. शिवाय या लोकांशी भेदभाव होऊ नये हे पाचही जणांनी मानलं. त्यानंतर २०२४ मध्ये केंद्र सरकारने काही सूचना काढल्या. असे जोडीदार रेशनकार्डासाठी एकच घर धरले जावेत. बँकेत जोडखातं काढायला, एकमेकांना नॉमिनी नेमायला अडचण नाही. जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा.

तांदूळ, पैसे आणि प्रेत. मी ही यादी वाचून बराच वेळ बसलो होतो. सरकारने, जमेल तितकं आणि हळूहळू, एवढं तरी मानलं. अन्न एकत्र, हिशोब एकत्र, शेवट एकत्र. मग मधलं काय राहिलं? सण, पूजा, नैवेद्य, पाट. हे कुठल्याच सरकारच्या हातात नाही. हे आपल्या हातात आहे. तिथे आपण सुपारी पुढे करतोय.

बुधवारी रात्री मी मित्राला फोन केला. आधी २०१६ ची माफी मागितली. दिवेघाटाचं नाव काढल्यावर तो हसला. म्हणाला, "तू सांगितलं नसतंस तर दुसऱ्या कुणी सांगितलं असतं. तेव्हा सगळे तेच सांगत होते." मला हे उत्तर आवडलं नाही, कारण त्याने मला फार सहज सोडलं. तिची माफी मागायचा नंबर मी अजून फिरवलेला नाही. तिला पुन्हा ते सगळं ऐकायचं असेल का, हेही मला समजत नाही. ते अजून डोक्यात आहे.

पूजेबद्दल म्हटलं, दोघं बसा. तो म्हणाला, सांगणार कोण? मग मी शोधाशोध सुरू केली. दोघांनी नाही म्हटलं, एकाने विचार करतो म्हटलं आणि नंतर फोन उचलला नाही. शेवटी आमच्या मावशीच्या सोसायटीत पौरोहित्य करणाऱ्या एक बाई आहेत, सत्तरीच्या आसपासच्या, त्यांच्याकडे गेलो. बायकांनी पूजा सांगायची म्हटलं की त्यांच्या तरुणपणी लोक दारातून परत पाठवत, हे त्यांनीच मागे कधी तरी सांगितलं होतं.

मी सगळं सांगितलं. जरा अडखळतच. दोन पुरुष आहेत काकू, चार वर्षं एकत्र राहतात, दोघांना जोडीने बसायचंय. त्या पंचांग बघत होत्या. चष्मा वर केला आणि विचारलं, "दोघांची गोत्रं काय?"

मित्राचं मला माहीत होतं. दुसऱ्याचं नव्हतं, त्यालाही नव्हतं. फोन करून विचारलं तर म्हणाला, आमच्याकडे असं काही कुणी कधी सांगितलं नाही. काकू म्हणाल्या, "नसू दे. गोत्र माहीत नसलं की कश्यप म्हणतात. रविवारी नऊला सुरू करू. दोन पाट सारख्या उंचीचे ठेवायला सांग, आणि दूर्वा विसरू नका, दर वेळी विसरतात."

पाट आमच्या घरचे नेतोय. शनिवारच्या भजनाला येणाऱ्यांनी रविवारीही यावं, जेवायलाच आहे सगळं. उद्या श्लोक एकोणीस.

राम कृष्ण हरी.